पट्ट्याखालचा फुटवा

लालासाहेबांना स्वस्थ बसता येत नाही, हे त्यांच्या बायकोला लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं होतं. ते फौजेत हवालदार होते. सुट्टीवर आले की पहिल्याच सकाळी फडताळातले सगळे डबे खाली काढायचे आणि उंचीप्रमाणे रांगेत उभे करायचे. वर्षभर गुरं, रान, आजारी सासरे आणि लेकीची शाळा ज्यांनी एकटीनं ओढली, त्या मनुबाईंना मग स्वतःच्याच घरात मीठ सापडायचं नाही. नवरा परत गेला की त्या डबे पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या.

पेन्शनीत आल्यावर डब्यांची सुटका झाली आणि लालासाहेब द्राक्षबागेच्या मागे लागले. तासगावजवळच्या रानात ही बाग दोघांनी मिळून उभी केलेली. रोज चहाच्या आधी ते प्रत्येक वेलीच्या बुडाशी वाकायचे आणि खोडाला अगदी खालून फुटलेला कोवळा फुटवा चिमटीनं खुडायचे. असले फुटवे सगळेच बागायतदार काढतात, कारण त्यांना घड लागत नाहीत आणि ते नुसते खातात. पण लालासाहेबांच्या तावडीतून एक पानही सुटत नसे.

यंदा मणी वाटाण्याएवढे झाले आणि गर्डलिंगची वेळ आली. खोडाभोवती सालीचा एक बारीक गोल पट्टा काढून टाकायचा, एवढंच ते काम. वर पानात तयार झालेली साखर मग खाली उतरत नाही, घडातच थांबते आणि मणी फुगतो. पट्टा काडीपेटीच्या काडीएवढाच ठेवायचा, म्हणजे काही आठवड्यांत जखम आपोआप भरून येते. गर्डलिंगवाल्या टोळीनं सगळी बाग केली, विहिरीकडची एक ओळ तेवढी राहिली. ती परवा करू, असं सांगून टोळी दुसऱ्या गावाला गेली.

आता परवापर्यंत थांबतील ते लालासाहेब कसले. त्यांनी स्वतःचा चाकू काढला. बारीक पट्ट्यानं एवढा फायदा, तर रुंद पट्ट्यानं किती, असा हिशेब करून त्यांनी बोटभर रुंद साल उतरवली. आतलं लाकूड बुळबुळीत लागलं, ते काही त्यांना बघवेना. कमरेच्या पट्ट्याचं पितळ जन्मभर घासलेला माणूस तो. चाकूच्या पाठीनं खरवडून, वर फडकं मारून त्यांनी एकेक खोड लखलखीत केलं. मनुबाईंनी बांधावरून हाक मारून विचारलं, एवढं कशाला घासताय, तर म्हणाले, काम करायचं तर असं.

पुढच्या काही आठवड्यांत त्या ओळीतले घड असे काही फुगले की बघत राहावं. शेजारचे बागायतदार वर्धमान बांध ओलांडून मुद्दाम बघायला आले. वर्धमान म्हणजे तीन पिढ्यांचे बेदाणेवाले, सहजासहजी कुणाचं कौतुक करणारा माणूस नव्हे. त्यांनी विहिरीकडची ओळ नंबर एक असल्याचं सांगितलं आणि लालासाहेबांची छाती फुगली. पण त्यांचं लक्ष घडांवर टिकेना. बाकीच्या ओळींतले पट्टे भरून आले होते, जखमेच्या जागी फिकट गाठीसारखं कडं धरलं होतं. विहिरीकडच्या खोडांवर मात्र लाकूड तसंच उघडं, कोरडं, पांढरं. ते दिवसातून चारदा जाऊन अंगठा फिरवून बघायचे. जेवताना मध्येच उठायचे. ठिबक जास्त वेळ सोडून बघितलं, वरून खताचा जादा डोस दिला. पट्टा जसाच्या तसा.

लेक शिवांजली विश्रामबागच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. ती रविवारी आली, तर लालासाहेबांनी, तिच्या आबांनी, तिला पायातली चप्पल काढू न देता थेट बागेत नेलं. पांढरं खोड बघून ती खाली बसली.

झाडात दोन वाटा असतात, तिनं सांगितलं. एक लाकडातली. पानातून पाण्याची वाफ सारखी उडत असते, आणि ते उडणारं पाणी मागच्या पाण्याला वर ओढतं. त्यामुळे मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची धार तुटत नाही, आणि खतातले क्षारही तिच्याबरोबर वर चढतात. दुसरी वाट सालीतली. पानात तयार झालेली साखर तिच्यातून घडाकडे जाते आणि खाली मुळांकडेही. मुलांना ती ह्या वाटांना जलवाहिन्या आणि रसवाहिन्या म्हणून शिकवते. आबांनी पहिली वाट शाबूत ठेवली होती, म्हणून पानं हिरवीगार होती. दुसरी मात्र पार तोडली होती. शिवाय सालीच्या आतला तो बुळबुळीत थरच नवी साल घडवतो, आणि तोच त्यांनी फडक्यानं पुसून काढला होता.

“पण खत दिलंय की गं भरपूर,” लालासाहेब म्हणाले.

“आबा, खत म्हणजे मीठ. भाकरी पानात भाजली जाते, आणि ती खाली जायची वाट तुम्ही कापलीय. मुळं साठवणीवर जगतायत. ती संपली की मुळं मरणार, मग वर पाणी कोण पाठवणार?”

लालासाहेब बांधावर बसले ते उठेनात. सगळी दुनिया घडांचं कौतुक करत होती आणि खाली मुळं उपाशी होती, आणि हे आपल्याच हातानं झालं, हे त्यांना सहन होईना. शिवांजलीनं विचारलं, पट्ट्याच्या खाली एखादा फुटवा आहे का? त्याची पानं खालीच साखर करतील, मुळांना तेवढी पुरेल. पुढे तो वाढला की कलम करणाऱ्याकडून त्याचं टोक पट्ट्याच्या वर खोडात बसवून घेऊ, म्हणजे तुटलेली वाट जोडली जाईल.

फुटवा कुठला असायला. त्याच सकाळी सगळे खुडून झाले होते.

त्यानंतरचे दिवस लालासाहेबांना फौजेतल्या कुठल्याही ड्युटीपेक्षा जड गेले, कारण करायचं काहीच नव्हतं. सकाळी ते ओळीत जायचे आणि हात पाठीमागे बांधून चालायचे, हातांचा भरवसा नव्हता म्हणून. कुठे खोडावर कोंबाचा डोळा फुगलेला दिसला की बोटं शिवशिवायची. बऱ्याच दिवसांनी बहुतेक खोडांना खालून कोंब आले, काहींना आलेच नाहीत. वर्धमान एकदा गप्पा मारत ओळीतून चालले असता सवयीनं वाकले आणि त्यांनी एक फुटवा चिमटीत धरला. लालासाहेबांनी त्यांचं मनगट असं पकडलं की दोघेही चपापले.

“हवालदार, अवो, फुकट खातंय ते,” वर्धमान म्हणाले.

“खाऊ द्या,” लालासाहेब म्हणाले. “हात लावू नका तेवढा.”

माल उतरला, काड्या आखूड कापायची खरड छाटणी झाली. उन्हाच्या तोंडावर सगळी बाग पुन्हा फुटली. विहिरीकडे ज्या वेलींना खालून फुटवा नव्हता, त्यांचे वरचे डोळे जेमतेम उघडले आणि उन्हात माना टाकून वाळले. फुटवा असलेल्या वेली उशिरा, पण फुटल्या. वाळलेली खोडं लालासाहेबांनी स्वतः उपटली, मजुराला हात लावू दिला नाही. उपटताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मनुबाई न्याहारी घेऊन आल्या, तेव्हा ते, कलम करणारा यायच्या आधी, एका वाचलेल्या वेलीचा खालचा फुटवा सुतळीनं खोडाला बांधत होते. गाठ सैल बांधत होते. मनुबाईंनी विचारलं, आता वेल फुटली, मग हे कशाला ठेवलंय?

“वर समदी गोडी घडात चाललेली,” लालासाहेब खाली बघतच म्हणाले, “तवा खालचं घर ह्यानं एकट्यानं सांभाळलं. आन् मी इतकी वर्सं रोज सकाळी उठून ह्येच खुडत आलो.”

 मनुबाई भाकरीचं फडकं सोडून त्यांच्या शेजारी मातीत बसल्या.

“तुम्ही डबं लावायचा, तवाच कळायला पायजे हुतं,” त्या म्हणाल्या. “जेवा आता.”