एका घरात दोन तवे

आमच्या आक्काच्या तव्याला मधोमध भोक होतं. ती त्यावर भिजल्या पिठाची टिकली दाबायची आणि मगच भाकरी टाकायची. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. बाई मुलखाची हट्टी, पण भाकरी अशी फुगवायची की बघत राहावं. तरी कधीमधी भोकातून जाळ वर यायचा, भाकरी करपायची, आणि ती करपलेली नेमकी तिच्याच ताटात जायची.

नवा तवा आण म्हणून सगळे सांगून थकले. सासूबाई म्हणायच्या, "अगं, लोक हसतील." आक्का म्हणायची, "हसू द्या. भाकर कच्ची हाय का?" खरं कारण वेगळंच होतं. आमच्याकडे भाऊ वेगळे निघाले की आधी दुसरा तवा येतो. म्हणून जुना घराबाहेर गेल्याशिवाय नवा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही, अशी रीत. आक्काला तेवढीही जोखीम नको होती. "नवा तवा दिसला की गाव म्हनंल, निघाले वायले."

मग दुष्काळ पडला. विहिरीनं तळ दाखवला, शेतात काम उरलं नाही. आमच्या यांना सहकारी साखर कारखान्यावर पहारेकऱ्याचं काम लागलं, राहायला खोलीही मिळाली. एकटेच गेले. सुट्टीला आले तेव्हा गालफडं बसलेली. मला त्यांच्याकडे जायचं होतं, पण म्हणणार कशी? धाकटी निघाली की तिनंच घर फोडलं म्हणतात. सासरे तर विषयही काढू देत नव्हते. मी गोठ्यात जाऊन रडायची.

एका बाजारादिवशी आक्का गेवराईहून आली ती डोक्यावर नवा तवा घेऊनच, सगळ्या गल्लीला दिसेल असा. जुना चुलीवर तसाच. मला रडू फुटलं.

"आक्का, मला वायलं काढता का? माझं काय चुकलं?"

"कावून रडतीस? तो तिकडं वाळून चाललाय. जा त्याच्याकडं."

"पण गाव तुमाला नावं ठेवंल."

"ठेवू दे. तुला ठेवली तर मामंजी तुला परत घरात घ्यायचे न्हाईत. मला कुठं काढतेत? त्यास्नी सकाळी भाकर लागती."

तिनं तवा राखेनं घासला, तेल-कांदा चोळून तापवला. पहिल्या भाकरी चिकटल्या, त्या गाईला घातल्या. चांगला काळाभोर झाल्यावरच माझ्या हातात दिला आणि मला कारखान्यावर धाडलं. थोरलीनं धाकटीला हाकललं, असा गावभर बोभाटा झाला. आक्कानं कुणाला उत्तर दिलं नाही. आमची वाटणी मात्र कधीच झाली नाही. सणाला यायचं ते त्याच घरी.

आक्का गेली, तिच्या दहाव्याला बायका जमल्या होत्या. एकजण म्हणाली, "हाताला लई चव होती, पण धाकल्या जावंला नांदू दिलं न्हाई."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी नांदले ती आक्कामुळंच. जायचं मला होतं. बोलायची माझी छाती नव्हती, म्हणून तिनं सगळं अंगावर घेतलं."

आक्काचे मालक, माझे थोरले दीर, दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"त्यापायी मी जन्मभर तिला बोलत आलो," ते म्हणाले. "मला बी सांगितलं न्हाई तिनं."