घाटात बुडालेला माणूस

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. हाताखालून गेलेले बहुतेक गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पोलादपूरला असतानाचं एक प्रकरण मात्र वेगळं आठवतं, आणि आठवलं की थकायला होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. ऐन उन्हाळा. महाबळेश्वरच्या घाटात रस्त्याखालच्या दरीत प्रेत पडल्याची वर्दी पोलीस पाटलाने दिली. दोर लावून उतरलो, पंचनामा केला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला मार. पाय घसरून पडला असावा, असं पंचांचं मत पडलं. अकस्मात मृत्यूची नोंद करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं.

डॉक्टर हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "साहेब, हा पडून मेलेला नाही. बुडून मेलाय. डोक्याचा मार नंतरचा आहे."

घाटातले ओढे तेव्हा ठणठणीत कोरडे होते. मी मयताचा सदरा पुन्हा हातात घेतला. त्याला विहिरीत टाकतात त्या टीसीएल पावडरीचा वास येत होता.

पाटलाने ओळख पटवली. माणूस जवळच्याच वाडीवरचा. समुद्रकाठच्या एका जुन्या, ऐतिहासिक गावात मुंबईच्या मालकाचा बंगला होता, तिथे तो बरीच वर्षं राखणदार होता. त्याच्या बायकोला बोलावलं. प्रेत पाहून ती रडली नाही. भिंतीला टेकून बसली.

"पाण्याला लय भ्यायचा वो," ती म्हणाली. "वड्यात गुडघ्याच्या वर कधी गेला नाय. आन् तुम्ही म्हनता बुडला?"

त्या गावी जाऊन बंगला पाहिला. स्वतंत्र, टुमदार, पुढे निळ्या फरशीचा, तोच टीसीएलचा वास येणारा पोहण्याचा तलाव, गच्चीतून समुद्रातला किल्ला दिसणारा. फाटकावर 'विकणे आहे' असा बोर्ड. विक्रीचं काम पाहणारा एजंट मोठ्या अदबीने समोर आला.

"तो ना? रजा घेऊन गावाला गेला. आम्हीच त्याची वाट बघतोय, साहेब."

बोलणं गुळगुळीत होतं. पण घरचा जुना माणूस परत आला नाही आणि याने त्याची चौकशीही केली नव्हती, हे मला खटकलं.

खबर मिळाली ती आमच्याच हद्दीतून. घाटात वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारी खासगी जीप, चालवणारा एक जण आमच्या हवालदाराच्या ओळखीचा होता. प्रेत सापडण्याच्या आदल्या पहाटे त्याला त्याच वळणावर एक जीप उभी दिसली होती. दारावर बंगले आणि प्लॉटविक्रीची जाहिरात रंगवलेली. 'गाडी बंद पडली काय?' म्हणून त्याने विचारलं, तर 'तू पुढं हो' असं उत्तर मिळालं. घाटात मदत नाकारणारा ड्रायव्हर त्याने तोवर पाहिला नव्हता, म्हणून लक्षात राहिलं.

जीप त्या एजंटाचीच निघाली. तिचा ड्रायव्हर नोकरी सोडून गेला होता. तो बिरवाडीला, कारखान्यात कामाला असलेल्या मेव्हण्याच्या खोलीवर सापडला. पंचविशीचा, खांदे पाडून बसलेला. ठाण्यात आणून चहा दिला. मारझोडीने माणूस बोलतो, पण आपल्याला हवं ते बोलतो, असा माझा अनुभव. मी एवढंच विचारलं, "तुला पोहता येतं का रे?"

त्याने कप खाली ठेवला.

"नाय येत, साहेब. येत असतं तर मी उडी घेतली नसती का?"

मग सगळं बाहेर पडलं. त्या दिवशी गिऱ्हाईक बंगला पाहायला येणार होतं. एजंटाने राखणदाराला तलावातला पाचोळा काढायला लावला. 'खोल बाजूला मी जात नाय,' असं तो म्हणाला होता, पण एजंटाने दरडावलं. काठावर शेवाळ होतं. पाय सरकला. ड्रायव्हरने बांबू पुढे केला, तो पोहोचला नाही. एजंट आतून धावत येईपर्यंत पाणी शांत झालं होतं.

"मी म्हनलं, पोलिसांना सांगू. ते म्हनले, बंगल्यात मानूस मेला कळलं तर कोन घेनार?"

त्यांनी प्रेत ताडपत्रीत गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवलं. दुपारी गिऱ्हाईक आलं. कुटुंब तलावाशी उभं राहिलं, पाणी किती स्वच्छ आहे म्हणालं. एजंटाने त्यांना सरबत दिलं. पहाटे दोघांनी प्रेत मयताच्याच गावाकडच्या घाटात आणून टाकलं, गावी जाताना पडला असं वाटावं म्हणून.

जबाब नोंदवून घेतला. गुन्हा त्या गावच्या ठाण्याकडे वर्ग झाला. हलगर्जीपणाने मृत्यू आणि पुरावा नाहीसा करणे. खटला रेंगाळला. एजंटाला शिक्षा झाली, थोडीच. तोवर बंगला दुसऱ्याच कोणी घेतला होता.

निकालाच्या दिवशी राखणदाराची बायको कोर्टाबाहेर मला म्हणाली, "साहेब, ती जागा दावा ना. येवडी वर्सं त्यो तितं राह्यला, मी कंदी बघितली नाय."

जीपने नेलं. नव्या मालकीणबाईंना काय घडलं होतं ते ठाऊक होतं. त्यांनी काही न विचारता फाटक उघडलं. तलावात त्यांची दोन मुलं डुंबत होती, मोठमोठ्याने हसत होती. म्हटलं, हिला आत्ताच परत न्यावं.

ती मात्र काठापासून जरा दूर, पायरीवर बसली. पाण्याकडे नाही, मुलांकडे बघत. बऱ्याच वेळाने मी म्हणालो, "चला आता. तुमची गावाकडची शेवटची एस्टी चुकेल."

"चुकू दे," ती म्हणाली. "पोरं भाईर येऊ देत आदी."

नोकरीने मला माणसं ओळखायला शिकवलं, असं मी भाषणांत सांगत आलो. खोटं कसं पकडायचं, ते शिकवलं, हे खरं. पण असं माणूस समोर बसलं तर त्याला काय म्हणायचं, ते कुठल्या प्रशिक्षणात नव्हतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. मुलं बाहेर आली, त्यांच्या आईने त्यांना टॉवेलात गुंडाळलं, तेव्हा ती उठली.