बाई मधोमध बसली पाहिजे

आमच्या साडूंइतका गाण्याचा वेडा माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतकं कमी गाणं ऐकणाराही दुसरा नसेल. ही दोन्ही विधानं मी पूर्ण शुद्धीवर राहून करतोय. त्यांच्या घरात रेडिओ नाही. कुणी फोनवर गाणं लावलं तर भातात केस सापडल्यासारखा चेहरा करतात. लग्नाच्या हॉलमध्ये बेंजो सुरू झाला की अक्षता हातात तशाच धरून पार्किंगमध्ये जाऊन उभे राहतात. कारण विचाराल तर एकच. गाणं ऐकायचं तर नीट ऐकायचं, आणि नीट ऐकायची व्यवस्था अजून व्हायचीय. ही व्यवस्था म्हणजे त्यांच्या गाडीत बसवायची साउंड सिस्टिम. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे मिस्टर. माझ्या लग्नात आमची ओळख झाली तेव्हा या सिस्टिमचा प्लॅन चालू होता. माझी मुलगी कॉलेजात जायला लागली तरी प्लॅन चालूच होता. मधल्या काळात गाडी एकदा बदलली, प्लॅन तोच राहिला.

तुम्ही म्हणाल, एवढं ऐकायचं तरी काय होतं? तर एकच भीमगीत. लहानपणी चाळीच्या मैदानात जयंतीचा कार्यक्रम होता. चार फळ्यांचं स्टेज, वर ताडपत्री. कोण एक बाई गायला आल्या होत्या, त्यांचं नावही आज कुणाला आठवत नाही. त्यांच्या एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला ढोलकी, मागे कोरसवाले. आमचे साडू स्टेजला नाक लावून खाली बसले होते. बाईंनी ओळ उचलण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला, असं ते सांगतात. पुढे त्याच बाईंच्या त्याच गाण्याची कॅसेट त्यांना कुठल्याशा नातेवाइकाकडे मिळाली आणि कॅसेटवरून ती पेनड्राइव्हवर आली. पण गंमत बघा, हा माणूस ते गाणं पूर्ण ऐकत नाही. पहिलं कडवं संपलं की बंद. पुढचं का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, ते सिस्टिम झाल्यावर. बाई पुन्हा तशी समोर बसून गाताना ऐकायची, आणि दुसरं कडवं तेव्हाच ऐकायचं. आयुष्यात दुसरं काही मागणं नाही.

घरात सिस्टिम का बसवत नाही, हाही प्रश्न मी विचारून पाहिलाय. हाटकेशला त्यांचा वन बीएचके आहे. वरच्या मजल्यावर मिक्सर, खालच्या मजल्यावर शिकवणी, समोर पत्र्याचं काम करणारा गाळा. घर आपलं असलं तरी त्यातला आवाज सोसायटीचा असतो, असं त्यांचं म्हणणं. गाडीच्या काचा वर केल्या की निदान तेवढी जागा आपल्या मालकीची.

आता गाडीतल्या ध्वनीचं त्यांचं शास्त्र थोडक्यात सांगतो, थोडक्यात म्हणजे मी जेवढ्यात सांगेन तेवढ्यात. त्यांच्याकडून ऐकायचं तर डबा घेऊन जावं लागतं. गाडीत आपण एका स्पीकरच्या अगदी जवळ बसतो आणि दुसऱ्यापासून लांब. जवळचा आवाज आधी पोचतो, म्हणून गाणारी बाई आपल्या बाजूच्या खिडकीत जाऊन चिकटते. मग काय करायचं, तर एक छोटी डबी मिळते, तिला प्रोसेसर म्हणतात. तिने जवळचा स्पीकर केसभर उशिरा वाजवायचा. दोन्ही आवाज दोन्ही कानांत एकदम पोचले की बाई खिडकीतून निघते आणि समोरच्या काचेत मधोमध येऊन बसते. पण एका सीटला हे साधलं की दुसऱ्या सीटचा सत्यानाश होतो. तेव्हा एक गाडी, एक सीट. आणि ती सीट ड्रायव्हरची, हे त्यांनी इतकं ठाम ठरवलं होतं की त्यावर चर्चाच नको. मग ताईचं काय, म्हटलं. तर म्हणाले, "तिला सगळं सारखंच लागतं."

नुसता दणदणाट करणाऱ्यांवर त्यांचा फार राग. काशिमीऱ्याच्या सिग्नलला एकदा आमच्या शेजारी एक तरुण गाडी घेऊन थांबला. डिकीत भला मोठा बास, आणि त्या दणक्याने आमच्या गाडीतला मीही हलत होतो. साडूंनी काच खाली केली आणि त्याला अत्यंत सभ्यपणे सांगितलं, "भाई, गाना अच्छा है, लेकिन तुम्हारा नंबर प्लेट बेसूर जा रहा है." त्या पोराने घाबरून गाणंच बंद केलं. सिग्नल सुटल्यावर साडू मला म्हणाले, बघा, ऐकून घेतलं, म्हणजे घराणं चांगलं आहे.

सिस्टिमच्या आधी गाडी शांत हवी, हा प्लॅनचा पहिला टप्पा, आणि यात त्यांनी आम्हा सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. गाडीतून सुट्टे पैसे गेले, छत्री गेली, पेपरमिंटची डबी गेली. किल्ल्यांच्या जुडग्याला त्यांनी मोजा घातला. तरी मागून कुठूनतरी खर्रर्र यायचं. ते शोधायला त्यांनी मला डिकीत झोपवून घोडबंदर रोडवर फिरवलंय. मी पेणकरपाड्यात राहणारा, बँकेत नोकरी करणारा, दोन माणसांत ऊठबस असलेला गृहस्थ. पण साडू थोरले, नाही कसं म्हणणार? बाहेर आलो तेव्हा माझीच हाडं खर्रर्र वाजत होती, आणि ते मला विचारत होते की आवाज डाव्या अंगाचा होता की उजव्या. मी कानाला खडा लावला. पण सगळ्यात मोठा संग्राम झाला तो ताईच्या बांगड्यांवरून. एका लग्नाला निघताना त्यांनी ताईला बांगड्यांवर रुमाल बांधायला सांगितलं. ताई शांतपणे उतरली, रिक्षा केली आणि आमच्याआधी हॉलवर पोचून आइसक्रीम खात बसली.

मग दरवाजांना हात घातला. हाटकेशलाच एका गाळ्यात एक फिटर आहे, मोठा धीराचा माणूस. तो "अंकल, हो जाएगा" म्हणायचा, साडू "कैसे हो जाएगा?" म्हणायचे, आणि त्या 'कैसे'मध्ये संध्याकाळ जायची. दरवाजाचं आतलं कव्हर काढून पत्र्यावर काळं, डांबरासारखं जाड शीट चिकटवतात. त्याने पत्रा थरथरत नाही आणि बाहेरचा आवाजही आत कमी येतो. चारही दरवाजांना सारखंच शीट लागलं. पण साडूंचा आनंद गगनात मावेना तो उजव्या दरवाजाचा. म्हणे, उजवा काय लागलाय, शेजारून ट्रक गेला तरी पत्ता लागत नाही, डावा मात्र ढिला राहिला. झालं. फिटरने डावा उघडला, आणखी शीट लावलं. तरी ढिलाच. पुन्हा उघडला. शेवटी डावा दरवाजा इतका जड झाला की ताईला तो दोन्ही हातांनी ओढून लावावा लागायचा. फिटर शपथेवर सांगत होता की दोन्ही बाजूंना काहीएक फरक नाही. मी डाव्या सीटवर बसून, उजव्या सीटवर बसून पाहिलं, मलाही फरक जाणवला नाही. माझ्या कानांबद्दल साडूंनी तेव्हा काढलेले उद्गार मी इथे लिहीत नाही. असे कितीतरी महिने ते उजव्या दरवाजाचं कौतुक सांगत हिंडत होते.

त्या दरवाजाचं रहस्य उलगडलं ते जेवणाच्या टेबलावर. आम्ही सगळे जेवायला त्यांच्याकडे होतो. ताई त्यांच्या उजवीकडे बसून आमटी हवी का, असं पुन्हा पुन्हा विचारत होती आणि हे आपले माझ्याशी बोलतायत. तिने वाटी खाली ठेवली. "अहो, घरात कुठे शीट लावलंय? मी या बाजूने बोलते ते तुम्हाला ऐकू येत नाही." मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साडूंनी डावा कान बोटाने बंद केला, आमच्या सगळ्यांच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिले, आणि बोट काढून मुकाट्याने जेवायला लागले.

डॉक्टरांकडे मी बरोबर होतो. त्यांनी दोन्ही कानांचे आलेख काढून पुढ्यात ठेवले. आता आलेख म्हटलं की साडूंचा प्रांत. डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत यांनीच त्यांना समजावून सांगितलं की डावा ठीक आहे, कंपनी फिटिंग आहे. उजव्याचा मात्र ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजांचा स्पीकर, गेलाय. इक्वलायझर लावून वरची पट्टी उचलता येईल का, असंही विचारलं. डॉक्टर भला माणूस, न हसता म्हणाला की नस कमजोर झालीय; मशीनने बोलणं समजेल, पण गाणं पूर्वीसारखं लागणार नाही, आणि हा कान अजून उतरत जाईल. परत येऊन बिल्डिंगच्या गेटाशी गाडी लावून साडूंनी चावी काढली.

"एका कानाला बाई कुठेच बसवता येत नाही, साडू."

बाई मधोमध येते ती दोन्ही कानांच्या हिशेबाने, हे मला त्यांनीच तर हजारदा सांगितलं होतं.

त्यानंतर त्यांनी प्लॅन सोडून दिला. सोडला म्हणजे कसा, तर छत्री गाडीत परत आली, पेपरमिंटची डबी आली, सुट्टे पैसे आले, किल्ल्यांचा मोजा गेला. गाडी खुळखुळ्यासारखी वाजत मीरा रोडभर फिरायला लागली आणि हे आत दगडासारखे बसलेले. एके दिवशी ताईचा मला फोन आला. रडत होती. मी घाबरलो, म्हटलं काय झालं? तर म्हणाली, "ते मला बांगड्यांवरून बोलत नाहीत रे आता." ज्या बांगड्यांपायी ती भर रस्त्यात उतरून गेली होती, त्याच बांगड्यांपायी आता रडत होती. मला खरंच फार वाईट वाटलं. इतकी वर्षं या माणसाच्या प्लॅनची मी टिंगल केली, आणि आता तो प्लॅन नाही म्हटल्यावर मलाच चुकल्यासारखं व्हायला लागलं.

पुढच्या रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आले. बोंबलाची तुकडी ताटात घेता घेता ताई सहज म्हणाली, "माझे दोन्ही कान शाबूत आहेत. माझ्या सीटवर करा."

साडू हातातला घास हातातच ठेवून तिच्याकडे बघायला लागले. पॅसेंजर सीट? साऱ्या शास्त्राला हरताळ. म्हणाले, "तुला सगळं सारखंच लागतं."

"लागायचं. तुम्ही राहू दिलंत का तसं? आता रिक्षात बसले तरी कुठला पत्रा वाजतोय ते सांगते मी."

साडू उठले, माझ्या बायकोकडे मेजर टेप मागितली आणि खरकट्या हाताने ताईच्या कानापासून हवेतल्या एका काल्पनिक स्पीकरपर्यंत माप घ्यायला लागले. ताई बोंबील खात होती. मान हलवू नकोस, असं ते तिच्यावर खेकसले, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. वर्षानुवर्षं रेंगाळलेला प्लॅन मग पंधरवड्यात उरकला. फिटरने म्हणे शेवटचा स्क्रू फिरवल्यावर अगरबत्ती लावली.

बाईला जागेवर बसवायचं काम शांत जागीच करायचं, म्हणून रविवारी सकाळी आम्ही चेण्याला गेलो. गावाबाहेर शेताच्या कडेला झाडाखाली गाडी लावली. साडू ड्रायव्हर सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन, ताई डावीकडे, आणि मागच्या सीटवर मी, वजनाला. काचा वर करणार एवढ्यात गावातले एक आजोबा येऊन डोकावले. "गाडी बंद हाय का?" म्हटलं, नाही. मग तिघं आत बसून काय करताय, असा चेहरा करून ते समोरच्या बांधावर बसले आणि आमच्यावर नजर ठेवून राहिले.

गाणं लागलं. ताई म्हणाली, बाई इकडे माझ्या खिडकीत आहे. साडूंनी लॅपटॉपवर काहीतरी केलं. आता? आता डॅशबोर्डच्या खणावर आली. पुन्हा काहीतरी केलं. आता गेली तुमच्याकडे, फार गेली, परत आणा. असं बराच वेळ चाललं. बाहेर आजोबा, मागे मी, आणि पुढे एक नवरा बायकोला विचारून विचारून एका न दिसणाऱ्या बाईला काचेवरून सरकवतोय. मला हसू येत होतं. मग ताईने डाव्या हाताने उजव्या हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"कुठे आहे?" साडूंनी विचारलं.

"मधोमध. आरशाच्या जरा खाली." तिचा आवाज बारीक झाला होता. "अहो, ती श्वास घेते आधी."

"पेटी?"

"माझ्यासमोर."

"आणि ढोलकी?"

"तुमच्यासमोर. अगदी तुमच्यासमोर बसलाय तो."

साडू समोरच्या काचेकडे बघायला लागले, तिने सांगितलं तिथे. पहिलं कडवं संपत आलं. माझं लक्ष त्यांच्या बोटाकडे होतं, ते नेहमीच्या सवयीने बंदच्या बटणावर गेलं होतं. तिथे ते थोडं थांबलं आणि मागे आलं. दुसरं कडवं सुरू झालं. काय गायल्या हो त्या बाई. मागच्या सीटवर मला त्या कुठल्यातरी कोपऱ्यातून ऐकू येत होत्या, सत्यानाशाच्या जागी बसलो होतो ना, पण डोळे माझेही भरून आले. साडू आता काचेकडे बघत नव्हते. ते ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि ताई डोळे मिटून पुढची प्रत्येक जागा त्यांना हलक्या आवाजात सांगत होती.

हल्ली दर रविवारी दोघं चेण्याला जातात. मला वजनाला बोलावत नाहीत, त्याचं थोडं वाईट वाटतं. उजवा कान आता जवळजवळ गेलाच आहे, मशीन ते घालतात आणि त्याच्या आवाजाला शिव्या देतात. परवा मी त्यांना विचारलं की इतका खटाटोप केलात, तुम्हाला स्वतःला काय मिळालं? ते म्हणाले, डावा कान चांगला आहे, आणि ती डावीकडेच बसते.