पऱ्हाटीची खुंटी

नेरच्या बाजारात नासिरचं गिझर आणि मोटार दुरुस्तीचं दुकान आहे. हातात कसब, पण तोंडाला कुलूप. कोणी काही विचारलं की म्हणायचा, "काम बोलते, मी कायले बोलू?" लोकांना वाटायचं, स्वारीला गर्व चढला. खरं तर त्याला समजावून सांगायचा कंटाळा होता, आणि त्या कंटाळ्यानेच एकदा त्याचा जीव टांगणीला लागला.

भागीरथाकाकूंची म्हातारी बोटं थंड पाण्यात आखडतात, म्हणून त्यांच्या सुनेने, निकिताने, सिंकखाली छोटा गिझर लावून घेतला. बसवला नासिरनेच. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "नासिर, हे टपकून राह्यलं."

"टपकू द्या," म्हणून त्याने फोन ठेवला. पाणी तापलं की फुगतं, आणि जादा झालेलं सेफ्टी वॉल्व्हच्या तोंडातून थेंबथेंब बाहेर येतं, यायलाच हवं. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

चार दिवसांनी पुन्हा फोन. नासिरने आठ्या घालूनच उचलला.

"आता नाई टपकत बरं," काकू खुशीत होत्या. "कपाशीच्या पऱ्हाटीची खुंटी ठोकली त्याच्या तोंडात. नळ येते चौथ्या दिवशी, अन् हे मेलं दिवसभर पानी सांडते! बटन लावून ठेवलं. लाईट आली की भांडे घासतो."

"काकू, बटन बंद करा!" नासिर ओरडला, पण फोन कटला होता. पुन्हा लावला तर नुसती रिंग वाजत राहिली.

दुकान उघडंच टाकून त्याने गाडीला किक मारली. वाफेला वाट नाही, खुंटी पाण्याने आणखी फुगणार, आणि काकू तिथेच सिंकपुढे उभ्या. बस स्टँडजवळ पिठाच्या गिरणीचा पट्टा फिरायला लागलेला दिसला. लाईट आली होती. "या अल्ला," तो पुटपुटला.

घरात शिरताच त्याने आधी मेन स्विच पाडला. काकूंना अंगणात पाठवलं आणि लांबून हात पुरवत गरम नळ हळूच सैल केला. फुस्स करून वाफ आली, नळ खोकला, थुंकला, मग पाणी सरळ वाहू लागलं. नासिर तिथेच फरशीवर बसला. जिवात जीव आला, तेव्हा त्याने पकडीने खुंटी ओढून काढली. काकूंवर चिडायचं त्याच्या मनात आलं, पण चूक कोणाची ते त्याला ठाऊक होतं.

"काहून रे घामेघूम झाला?" काकू दारातून म्हणाल्या.

तेव्हा नासिर बोलला. आयुष्यात पहिल्यांदा दहा मिनिटं सलग बोलला.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. "हे तवाच सांगाचं ना, बाबू. मी का येडी आहो?"

त्याने वॉल्व्हला बारीक नळी जोडून ती खाली ठेवलेल्या गंजात, काकूंच्या मोठ्या पातेल्यात, सोडली, म्हणजे थेंबही वाया जायला नको.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच फोन वाजला.

"नासिर, टपकून राह्यलं रे!"

एवढं गोड वाक्य त्याने कधी ऐकलं नव्हतं. "टपकू द्या, काकू," तो म्हणाला. मग फोन कानालाच धरून त्याने विचारलं, "गंजात किती जमलं?"