मथुराबाईंचा लेखनिक

मथुराबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, सुदामने केला. सकाळी मळ्यात शेवंती तोडता तोडता बांधावर बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "गुरुजी, दहाव्याचं पत्र तुम्हीच लिवा. आई म्हणायची, घरातला कागद गुरुजींबिगर नको." मी कागद घेऊन बसलो आणि हात सवयीने 'मा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की...' असं लिहून मोकळा झाला. अठरा वर्षं या बाईचे अर्ज लिहिल्यावर दुसरं काय होणार? तो कागद फाडला, तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

आमची ओळख भांडणातून झाली, आणि चूक सर्वस्वी माझी होती. मी तेव्हा नाशिकजवळ, मखमलाबादच्या बाजूच्या एका प्राथमिक शाळेत मुख्याध्यापक होतो. जूनमध्ये एक फुलमळेवाली बाई सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी, वैशू, गोड हसायची, पण विचारलेलं तिच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागे. मी गोड बोलून सांगितलं, "बाई, अशा मुलांसाठी वेगळ्या शाळा असतात." बाई शांतपणे म्हणाल्या, "हेच कागदावर लिहून द्या." आधीच्या चार शाळांमध्ये हे वाक्य ऐकून लोकांनी त्यांना चहा पाजला होता आणि हळूच वाटेला लावलं होतं. शहाणे होते ते. मला माझ्या अक्षराचा भारी अभिमान! मी फुलस्केप काढला, समास सोडला आणि 'सदर विद्यार्थिनी मंदगती असल्याने तिला या शाळेत प्रवेश देता येत नाही' असं टपोऱ्या अक्षरात लिहून, जावक क्रमांक टाकून, सही आणि गोल शिक्का मारून दिलं. बाईंनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि घडी न करता कागद नेला.

आठ दिवसांनी शिक्षणाधिकाऱ्यांचं बोलावणं आलं. नवा कायदा नुकताच झाला होता, अपंग मुलाला अठरा वर्षांपर्यंत फुकट शिक्षण द्यायचं असा. मथुराबाईंना तो सरकारी दवाखान्यातल्या एका बाईंनी वाचून दाखवला होता. मला कुणी दाखवला नव्हता, मीही शोधला नव्हता. साहेबांच्या टेबलावर माझा फुलस्केप होता. साहेब म्हणाले, "काय सुवाच्य अक्षर आहे हो तुमचं! असं मी म्हटलंच नव्हतं म्हणायलासुद्धा जागा ठेवली नाही तुम्ही." त्याच दुपारी वैशूचं नाव हजेरीपटावर चढलं. दुसऱ्या दिवशी मथुराबाई मोगऱ्याचा पुडा घेऊन हजर. "राग मानू नका गुरुजी. पन अक्षर लय भारी हाय तुमचं. आता म्होरले अर्ज तुम्हीच लिवा." शिक्षा झाली ती अशी. आणि खरं सांगतो, त्या शिक्षेने मला जितकं शिकवलं तितकं डी.एड.ने शिकवलं नाही.

वैशू आमच्याकडे सातवीपर्यंत रमली. मग हायस्कूलवाल्यांनी अपंगत्वाचा दाखला मागितला. त्यावर निदान चाळीस टक्के हवेत; नसतील तर परीक्षेत जादा वेळ नाही, बसची सवलत नाही, म्हणजे पुढची शाळाच नाही. दवाखान्यात डॉक्टर तपासणार म्हटल्यावर मी आणि मथुराबाईंनी जन्माचा गाढवपणा केला. शाळा तपासणीला साहेब येणार म्हटलं की पोरांकडून उत्तरं घोटून घ्यायची, हे माझ्या हाडीमासी खिळलेलं. आठ दिवस मी वैशूची तयारी करून घेतली. नाव, गाव, वार, महिने, राष्ट्रीय पक्षी! पोरीने डॉक्टरांसमोर सगळं खडाखडा म्हणून दाखवलं, वर न विचारता पाढाही म्हटला. मिळाले तीस टक्के. मथुराबाईंनी आळीभर पेढे वाटले... मी तोंडात पेढा धरूनच त्यांना समजावलं, की बाई, इथे कमी पडले म्हणजे आपण आपटलो.

फेरतपासणीचा अर्ज अर्थातच मी लिहिला. जो तो सांगू लागला, पोरीला आत गप्प बसायला सांगा. मीही सांगितलं. मथुराबाई माझ्यावर अशा उसळल्या की बस. "सात वर्षं घालवली मी हिला बोलती करायला. आता गप ऱ्हा म्हनू? दाखला गेला खड्ड्यात!" त्या वेळी आम्ही काहीच घोटून घेतलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "समजा, बाजारात तुझी आई हरवली, तर तू काय करशील?" वैशूने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आई नाय हरवत." "बरं, घरी कुठल्या बसने जाशील?" "आईच्या." पन्नास टक्के मिळाले. मी व्हरांड्यात आनंदाने हात चोळत होतो आणि मथुराबाई बाकावर पदरात तोंड घालून रडत होत्या. "गुरुजी, मी कधीतरी हरवनारच की वो."

दुसऱ्या दिवसापासून त्या हरवायला शिकू लागल्या. सीबीएसच्या मोठ्या बसस्थानकावर वैशूचा हात सोडायच्या आणि उसाच्या रसाच्या गाड्यामागे लपायच्या. पहिले सहा महिने काही जमेना, वैशू लांबूनच ओरडायची, "आई, लुगडं दिसतंय!" एकदा पोलिसाने हटकलं, तर बाईंनी पिशवीतून दाखल्याची साक्षांकित प्रत काढून त्याला वाचायला लावली. दोन वर्षं हा खेळ चालला. एके दिवशी वैशू एकटी मखमलाबादला पोहोचली. मागच्या बसने आलेल्या आईला तिने दारातच झापलं, "येवढा उशीर?" मला ही हकिगत सांगताना मथुराबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

पोर दहावी झाली, आता पंचविशीची आहे. परवा ती नाशिक रोडला माझ्या घरी एकटी आली. बसच्या पासवर पालक म्हणून आईच्या जागी सुदामचं नाव लावायचं होतं. मी अर्ज लिहिला. 'आईचे निधन झाल्याने' इथे माझं अक्षर पहिल्यांदा बिघडलं. पुन्हा लिहून दिलं. "सोडायला येऊ का?" विचारलं, तर नको म्हणाली. मला राहवेना. मी तिच्या मागोमाग त्याच बसमध्ये चढलो, मागच्या बाकावर तोंडापुढे पेपर धरून बसलो. सीबीएसला ती उतरली, मीही उतरलो. ती मखमलाबादच्या बसकडे गेली, मी चार माणसं सोडून रांगेत उभा राहिलो. बसच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता ती वळली.

"गुरुजी, ही मखमलाबादची हाय. तुमची तिकडं लागती."

मी काहीतरी सारवासारव करू लागलो. तिने ऐकून घेतलं नाही. रांग सोडून आली, माझा हात धरला, रिक्षा थांबवत मला पलीकडे नेलं, कंडक्टरला "नाशिक रोडला जाती ना?" असं दोनदा विचारून खात्री केली आणि मला खिडकीशी बसवलं. तिची बस तोवर निघून गेली होती. माझी सुटेपर्यंत ती खाली उभी राहिली.