घर शोधणारी मशीन

शौनक माझा एकुलता मुलगा. नाव मी हौसेनं ठेवलं, गावानं त्याचं शोन्या केलं. उंद्रीत रस्त्याला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रात एकेक दाणा सोडणारी चकती असते, ती तो बनवतो. चकतीच्या कडेला दाण्याच्या मापाचे गाळे कापायचे असतात. गाळा मोठा झाला तर एका जागी दोन दाणे पडतात, लहान झाला तर दाणा फुटतो. त्याची मिलिंग मशीन जुनी, खामगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली. वर फिरणारं कटर, खाली लोखंडी टेबल. दोन हातांनी दोन चाकं फिरवत टेबल कटरखाली सरकवायचं. शौनक हे गिऱ्हाइकाशी गप्पा मारत करायचा.

गेल्या वर्षी मेहकर रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. उजवा हात मोडला नाही, पण खांद्यातल्या नसा उखडल्या. हात जागेवर आहे, रोज बाहीत घालावा लागतो, पण त्यात जीव नाही. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आशा ठेवा." म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

कितीतरी दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. मग एकदा, मी भाकरी करत असताना, मागून आवाज आला.

"आई, चाकं फिरवायले हातच कायले पाहिजे?"

मोबाईलवर त्याला सापडलं होतं की जगभर लोक अशा जुन्या मशीनची चाकं काढून तिथं मोटारी बसवतात आणि कॉम्प्युटरकडून त्या फिरवून घेतात. त्यासाठी लागणारा प्रोग्राम फुकट मिळतो. कोणीही घ्यावा, उघडून बघावा, सुधारावा. चिखलीच्या एका बंद झालेल्या नेट कॅफेतून त्यानं जुना कॉम्प्युटर आणला आणि कामाला लागला. डाव्या हातानं पाना धरायचा, दातांनी वायर सोलायचा. त्याचे बाबा, वामनराव, शेतातून आले की शेडमध्ये जाऊन उभे राहायचे.

"मी धरू का रे ते?"

"नका धरू बाबा. मी करतो."

मला मात्र एकदा तो म्हणाला, "हे जमलं तं जमलं आई. नाही तं मी या घरात नुसता खाणारा." सोयाबीनचा भाव सांगावा तसं म्हणाला. दुसऱ्या दिवशी फवारणीची सगळी औषधं मी पोत्यात भरली आणि माझी जाऊ पुष्पांजली हिच्या घरी नेऊन ठेवली.

गावाला मात्र गंमत. शेजारचे गोपालकाका शेडच्या दारातून विचारायचे, "काऊन रे शोन्या, मशीन काम करून राह्यली का गेम खेळून राह्यली?"

"दोन्ही करते काका. तुमच्यावानी नुसते पत्ते नाही खेळत."

असं तो बोलला की मी स्वयंपाकघरात घटकाभर निर्धास्त व्हायची.

नवरात्रात मशीन चालली. तिनं हरभऱ्याची एक चकती कापली. शौनकनं गाळ्यांत एकेक दाणा बसवून पाहिला आणि रात्री ठेचा मागून घेतला. हरभऱ्याची पेरणी तोंडावर होती. चकत्यांना मागणी असते ती एवढेच दिवस.

खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा होते. त्या दिवशी कशालाच कामाला लावायचं नाही. नांगर, विळे, पाने, ट्रॅक्टर सगळं धुऊन पुसून मांडतात. वामनरावांनी मशीनची पूजा मन लावून केली. नव्या मोटारी, कॉम्प्युटर, वायरींचे जोड, सगळ्यांना ओलं कुंकू लावलं. झेंडूचा हार घातला, नारळ फोडला.

दसऱ्याच्या सकाळी शौनकनं हार काढून मशीन सुरू केली. सुरू झाली की ती आधी आपलं घर शोधते. टेबल हळूहळू एका कोपऱ्याकडे जातं, तिथल्या बारीक दिव्याचा प्रकाश टेबलाच्या पट्टीनं अडला की थांबतं. तिथून पुढची सगळी मापं. त्या सकाळी टेबल उलट्याच दिशेला निघालं. थांबवायचं बटण उजवीकडे होतं. शौनकचा उजवा खांदा पुढे झाला. हात आला नाही. डावा पोचेपर्यंत टेबल दुसऱ्या टोकाला जाऊन आदळलं आणि टेबल सरकवणारा खालचा पितळी नट फुटला. मी दारातच होते, चहा घेऊन.

त्यानं सगळं तपासलं. प्रोग्राम बरोबर, वायरी बरोबर. संध्याकाळी सोनं द्यायला लोक आले, तो बाहेर आला नाही. सकाळी म्हणाला, "भंगारवाल्या शेखरले फोन करा. मशीन घेऊन जा म्हणा." जेवला नाही.

मी त्याच्याजवळ बसले आणि म्हटलं, तो प्रोग्राम वापरणारे लोक एकमेकांना विचारतात ना, त्यांना एकदा विचारू. बी.ए.ला माझा विषय इंग्रजी होता. तो सांगत गेला, मी लिहिलं, मशीनचे फोटो टाकले. दुपारी कॅनडातल्या कुणाचं तरी उत्तर आलं. त्यानं एकच विचारलं होतं: घर दाखवणाऱ्या सेन्सरवर लाल काय आहे, रंग आहे का?

शौनक उठून गेला, मी मागोमाग. प्रकाशाच्या फटीत कुंकू वाळून घट्ट बसलं होतं. प्रकाश अडलेला, म्हणून मशीनला वाटलं आपण घरातच आहोत, आणि आधी बाहेर पडून पुन्हा नीट घर शोधायला ती उलटी सरकत राहिली. आम्ही तिघांनी तो सेन्सर कितीदा पाहिला असेल. दसऱ्याच्या दिवशी यंत्रावर कुंकू असायचंच, ते कुणाच्या डोळ्यात येणार?

वामनराव दाराशीच उभे होते. "मले वाटलं तिचा डोळा हाय तो," ते म्हणाले. मग फडकं घेऊन मशीनवरचं सगळंच कुंकू पुसायला लागले, पाने-पकडींवरचंसुद्धा.

"राहू द्या बाबा," शौनक म्हणाला. "फक्त त्या फटीतलं काढा. काडीले कापूस लावून. मले एका हातानं जमत नाही."

त्यांनी काढलं. शौनक बॅटरी धरून उभा होता.

थोड्या वेळानं, सकाळच्या फोनवरून, शेखरचा टेम्पो आला. शौनकनं त्याला परत पाठवलं. पण "आज नाही" म्हणाला, "नाही" म्हणाला नाही. पितळी नट जालन्याहून करून आणावा लागेल. तोवर हरभरा पेरून होईल, आणि मग कुणाला चकती नको असेल. त्यानं अर्धी भाकरी खाल्ली. औषधांचं पोतं अजून पुष्पांजलीकडेच आहे. एवढ्यात ते आणणार नाही.