बाटलीतली धडधड

आमच्या फिजिऑलॉजीच्या जुन्या मंडळींना एकत्र चहाला बसवलं, की कप निवतात आणि किस्से निघतात. माझ्याकडचे बहुतेक बिराजदार मॅडमच्या एमडीचे.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर, आणि बाईंनी थिसिसला विषय घेतला कोंबडीच्या पिलाच्या हृदयाचा. उबवत्या अंड्यातून ते काढायचं, बारीक तुकडे करून बाटलीतल्या पोषक द्रवात वाढवायचं. तिथं ते आपापलं धडधडतं. ती धडधड मोजायची. मोजता आली तर एमडी, नाही तर घरचे स्थळं बघून तयारच होते.

*

पहिली अंडी आम्ही पोल्ट्रीची आणली. आठवडाभर उबवून फोडली, तर आत नुसता बलक. कोंबड्याशिवायची अंडी उबवून काही होत नाही, हे आम्हा तिघा डॉक्टरांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

आमचे हेड, कुलकर्णी सर, म्हणाले, "मॅडम, थिसिस लवकर संपला की. ठोके शून्य."

*

मग गावठी अंडी आणली, हृदयं मिळाली. मायक्रोस्कोपला उजेडातला बदल टिपणारा फोटोसेल जोडला आणि पेन कागदावर ठोके काढू लागलं. काय सुरेख रेघ! सर येईल त्याला दाखवत होते.

मॅडमना मात्र शंका आली. त्यांनी बाटली उचलून घेतली. पेन चालूच! भिंतीपलीकडे पॉवरलूम होते, त्यांनी टेबल थरथरत होतं.

सर रेघेकडे बघत म्हणाले, "माग निरोगी आहे."

टेबलाखाली स्कूटरच्या ट्यूबा घातल्या, तेव्हा कुठे खरे ठोके उमटले.

*

स्टोअरच्या सय्यदचाचांना एकदा मायक्रोस्कोपातून दाखवलं. बराच वेळ डोळा काढेनात.

"मुर्गी किधर है?"

"नाही. एवढंच आहे."

"मालिक नईं, तो बी काम चालू," चाचा म्हणाले. "सरकारी नईं दिखता."

*

परीक्षेच्या दिवशी जिवंत हृदय दाखवायचं होतं. नेमकी पहाटे वीज गेली आणि इनक्युबेटर गार पडू लागला. मॅडमनी घट्ट झाकणाची बाटली रुमालात गुंडाळून घर गाठलं. पाणी तापवून त्यात ती ठेवायचा विचार होता. पण घर लिंगायतांचं. अंड्याचं नावसुद्धा तिथं चालत नसे, आणि मॅडमची आई, अव्वा, नुकतीच पूजेवरून उठलेली.

"काय हाय त्यात?"

"कोंबडीच्या पिलाचं काळीज, अव्वा."

अव्वा म्हणाली, "जितं हाय?"

"हाय अजून. गार पडलं तर जाईल."

"मग दे की हिकडं."

अव्वानं बाटली पदरात गुंडाळली, पोटाशी खोचली आणि तशीच कॉलेजला यायला टांग्यात बसली.

परीक्षकांनी आरशातून उन्हाचा उजेड घेऊन मायक्रोस्कोपात पाहिलं. ठोके स्वच्छ दिसत होते, मोजताही येत होते. त्यांनी मान वर केली.

"वीज पहाटेपासून नाही. कुठल्या इनक्युबेटरमध्ये ठेवलं होतं हे?"

मॅडम म्हणाल्या, "बाहेर बाकावर बसलीय, सर. आत बोलावू?"